वणीजवळ आमचं घर हादरतं: हे ब्लास्टिंग की भूकंप? कोळशाच्या खाणीमुळे भूकंप होतो का?

मृण्मयी_वणी

आमचं गाव वणी तालुक्यातलं. शिवेला लागून कोळशाची ओपनकास्ट खाण आहे. खाणीची कड आमच्या घरापासून सरळ रेषेत किलोमीटरभर असेल. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास भोंगा होतो आणि थोड्या वेळाने घर हादरतं. फडताळातली भांडी वाजतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. शाळेतही तेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोरं भोंगा ऐकला की लिहायचं थांबतात, धक्का बसून गेला की परत लिहायला लागतात.

एवढ्याची सवय झाली होती. पण गेल्या उन्हाळ्यापासून मधूनच रात्रीही धक्का जाणवतो. भोंगा नाही, मोठा आवाज नाही, पायाखालून एकच दणका येतो आणि संपतं. माझ्या सासूबाई किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी सोलापुरात होत्या. रात्रीचा दणका बसला की त्या नातवाला उचलतात आणि अंगणात जाऊन बसतात. कितीही समजावलं तरी उजाडेपर्यंत आत येत नाहीत.

घर आम्ही २०१६ साली कर्ज काढून बांधलं. हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी भेग गेली आहे, दहा रुपयांचं नाणं उभं शिरतं तिच्यात. दुसरी भेग स्वयंपाकघर आणि मागची पडवी जिथे मिळतात तिथे, सरळ उभी.

ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा खाणीकडून आलेले साहेब म्हणाले, आमचं ब्लास्टिंग मर्यादेत आहे, डिसेंबर २०२४ मध्ये भूकंप झाला होता ना, भेगा त्याच्या आहेत. त्यावर गावातली तरुण पोरं उठली. त्यांचं म्हणणं, भूकंपच खाणीमुळे होतात, आज ना उद्या आपलं गाव जाणार. दोन्हीकडून ओरडा झाला आणि सभा तशीच संपली.

मला तीन गोष्टी नीट कळून घ्यायच्या आहेत. कोळसा काढल्यामुळे खरोखर भूकंप होऊ शकतो का? आमच्याकडे होतंय ते काय आहे हे घरबसल्या ओळखता येईल का? आणि रात्रीच्या धक्क्याला आम्ही घाबरायचं की नाही? जाणकारांनी सांगावं, सासूबाईंना मला काहीतरी खरं सांगता आलं पाहिजे.

---

निवृत्त_सर्व्हेअर_चंद्रपूर

ताई, माझी सगळी नोकरी कोळसा खाणीच्या सर्व्हे सेक्शनला गेली, आधी भूमिगत, नंतर ओपनकास्ट. ग्रामसभेत दोन्ही बाजूंनी 'भूकंप' म्हटलं आणि दोघांनीही तो आपल्या सोयीने वापरला, असं मला वाचताना वाटलं. साहेबांना तो निसर्गावर ढकलायला हवा होता, पोरांना भीती घालायला. तुमच्या हातात जोवर नोंद नाही तोवर दोघंही बरोबर आणि दोघंही चूक.

आधी डिसेंबर २०२४ चं बघू. ४ डिसेंबरला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणात मुलुगू जिल्ह्यात ५.३ चा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत जाणवला, मीही पलंगावरच होतो, पंखा हलताना पाहिला. त्याचं केंद्र वणीपासून दोनशे किलोमीटरहून लांब. सिरोंचा त्याच्या कितीतरी जवळ, पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे मोठी पडझड झाल्याचं कानावर नाही. मग वणीत नाणं शिरेल अशी भेग त्याने पाडली हे मला तरी पटत नाही. साहेबांना एवढंच विचारायचं होतं: सिरोंचातली घरं उभी आणि आमचीच कशी फाटली?

आता तुमचा मूळ प्रश्न. होय, कोळशाच्या खाणीमुळे भूकंप होतो. यात वाद नाही. वाद असतो तो अमुक धक्का खाणीचाच का, यावर.

साधं असं आहे की खडक लाखो वर्षं वजनाखाली दबून बसलेला असतो. तुम्ही त्यातून कोळसा काढता, वरची माती-दगड उचलून दुसरीकडे टाकता, पाणी उपसता. दाब एका जागचा दुसऱ्या जागी जातो. भूमिगत खाणीत तो आत उरलेल्या पिलरवर, म्हणजे कोळशाच्या खांबांवर, आणि वरच्या छतावर येतो. जिथे आधीच जुनी भ्रंशरेषा ताणलेली असते तिथे एवढा बदल पुरेसा होऊ शकतो. ताण खाणीने घातलेला नसतो, तो आधीचाच असतो, खाण त्याला वाट करून देते.

ओपनकास्टचं सांगतो, कारण लोक म्हणतात उघड्या खाणीने काय होतंय. रशियात सायबेरियाच्या कुझबास कोळसापट्ट्यात बाचात्स्की नावाची प्रचंड उघडी खाण आहे, तीनशे मीटरहून खोल, कित्येक किलोमीटर लांब. १८ जून २०१३ ला तिथे रशियन मोजणीप्रमाणे ६.१ चा भूकंप झाला, बाहेरच्या संस्थांनी थोडा कमी मोजला. बेलोवो भागात हजारो घरांना तडे गेले. तिथल्या भूकंपशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध थेट खाणीशी लावला. दुसरं, ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल. २८ डिसेंबर १९८९, सकाळचे साडेदहा, ५.६ तीव्रता, १३ माणसं गेली, त्यातली ९ एकाच वर्कर्स क्लबच्या इमारतीत. २००७ मध्ये एका संशोधकाने मांडलं की दोनशे वर्षांची कोळसा खाण आणि तिथून उपसलेलं पाणी याला कारणीभूत आहे. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच जाणकारांना ते मान्य नाही, कारण भूकंप दहा-अकरा किलोमीटर खोल होता. मला स्वतःला बाचात्स्कीचा पुरावा जास्त दमदार वाटतो.

आपल्या वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणी बाचात्स्कीच्या मानाने लहान आणि उथळ. पण एक लक्षात ठेवा, आपला कोळसा ज्या खोऱ्यात आहे तेच प्राणहिता-गोदावरीचं जुनं खचलेलं खोरं खाली मुलुगू, भद्राचलमपर्यंत जातं. भद्राचलमला १९६९ साली ५.७ चा भूकंप झाला होता. म्हणजे भ्रंशरेषा आहेत आणि त्या हलतात. खाण नसती तरी हलल्या असत्या. आपल्या खाणींनी त्यांना धक्का दिला असं कुणी दाखवून दिलेलं नाही. पोरांना हे सांगा.

तुमचा दुपारचा धक्का मात्र ब्लास्टिंगच आहे, त्यात मला शंका नाही. घरबसल्या ओळखायची रीत सांगतो. स्फोट झाला की एक लहर खडकातून येते, सेकंदाला काही किलोमीटर वेगाने. दुसरी हवेतून, आवाजाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. किलोमीटरभर अंतरावर जमिनीची लहर लगेच पोचते, हवेची तीन सेकंदांनी. तर भोंगा झाल्यावर हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसा, तळवा फरशीवर ठेवा. आधी तळव्याला कळेल, मग 'एक-दोन-तीन' आणि काचा वाजतील. काचा, भांडी, टिनं वाजवणारी बहुतेक वेळा हवा असते. ढगाळ दिवशी, हिवाळ्याच्या सकाळी आवाज जास्त येतो, तेच कारण. भिंतीचं नुकसान करते ती मुख्यतः जमिनीची. म्हणून 'आज फार जोरात वाजलं' आणि 'आज घराला जास्त धक्का बसला' या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

लिहीत असताना वेळ मिनिटासकट लिहा. 'दोनच्या सुमारास' असं चालत नाही, खाणीच्या ब्लास्टिंग रजिस्टरशी ते जुळवता आलं पाहिजे. रात्रीच्या धक्क्याची वेळ तर नक्की लिहा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यात देशातले नोंदलेले धक्के वेळेसकट दिसतात. खरा भूकंप असेल तर तिथे सापडण्याची शक्यता आहे. फार लहान असेल तर नाही सापडणार. उलटंही होतं: मे २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यात लागोपाठ अडीचच्या आसपासचे धक्के त्या यादीत आले आणि तेव्हाही खाणीतल्या स्फोटांकडे बोट दाखवलं गेलं. यादीत आलं म्हणजे निसर्गानेच केलं असं होत नाही.

हे वेगळं कसं करतात ते अमेरिकेतल्या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं. उटा राज्यात क्रॅंडल कॅन्यन ही भूमिगत कोळसा खाण. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे तिथे ३.९ ची नोंद झाली आणि सहा कामगार आत अडकले. मालक टीव्हीसमोर उभा राहून सांगत होता की भूकंप झाला आणि भूकंपाने खाण पडली. उटा विद्यापीठाच्या भूकंपमापकांनी वेगळं सांगितलं. जमिनीतली भ्रंशरेषा सरकते तेव्हा काही केंद्रांवर पहिली हालचाल वर होते, काहींवर खाली. स्फोट सगळीकडे बाहेर ढकलतो, तेव्हा सगळीकडे पहिली हालचाल वर. इथे सगळ्या केंद्रांवर पहिली हालचाल खाली होती. म्हणजे पोकळी आत बसली. खाण कोसळली तोच 'भूकंप' होता. पिलर पुरेसे ठेवले नव्हते असं नंतरच्या सरकारी तपासात आलं. दहा दिवसांनी बचावकामात पिलर पुन्हा फुटले, आणखी तीन माणसं गेली. ते सहा जण आजही त्या डोंगरात आहेत. खाणवाल्याने 'भूकंप' म्हटलं की मला दर वेळी हे आठवतं.

तुमच्या रात्रीच्या धक्क्याबद्दल विचारतो: जवळपास जुनी भूमिगत खाण आहे का? बंद इनक्लाइन (खाली उतरणारा तिरका बोगदा), जुनं शाफ्ट (विहिरीसारखी उभी वाट), काहीही. ओपनकास्टचं ब्लास्टिंग दिवसाउजेडीच करतात, त्यामुळे रात्रीचा दणका त्याचा नाही. ते कळल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.

---

यवतमाळ_सिव्हिल

सर्व्हेअर काकांनी छान लिहिलंय. मी भेगांपुरतं बोलतो. ताई, तुमच्या भागात काळी कापसाची जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर दर वर्षी वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग ही काळ्या मातीत अगदी नेहमीची. स्वयंपाकघर आणि पडवीच्या सांध्यातली उभी भेग बहुतेक वेळा पडवी नंतर बांधल्यामुळे येते, दोन पाये वेगवेगळे बसतात. तुमची पडवी नंतरची आहे का?

ब्लास्टिंगने काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. पण तुमचा दावा टिकायचा असेल तर जे मातीने केलंय ते मातीच्या नावावर टाका. तपासायला माणूस आला आणि त्याने पहिल्याच भेगेला 'ही मातीची' म्हटलं की बाकी सगळं वाहून जातं.

करायचं एवढंच: प्रत्येक भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी लावा, दोन्ही टोकं सिमेंटच्या घट्ट पेस्टने चिकटवा, खाली तारीख लिहा आणि फोटो काढा. काचवाला उरलेल्या पट्ट्या फुकट देतो. भेग वाढली की काच फुटते. पाऊस पडल्यावर फुटली की ब्लास्टिंगच्या दिवशी फुटली, हे तुमच्या वहीतल्या वेळेशी जुळवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, चित्र स्पष्ट होईल.

---

सारब्रुकनकर

मी मूळचा नागपूरचा, सध्या जर्मनीत सारब्रुकनला असतो. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण आम्ही राहतो त्या सारलॅंड राज्यात कोळशाच्या खाणीने केलेल्या भूकंपाने अख्खा उद्योग बंद पाडला.

२३ फेब्रुवारी २००८, शनिवार, दुपारचे साडेचार. सारवेलिंगन, लेबाख या गावांखाली हजार मीटरहून कितीतरी खोल लांगवॉल पद्धतीने, म्हणजे कोळशाची लांब भिंत सलग कापत, कोळसा निघत होता. वरचा जाड वाळूखडक तुटला. तीव्रता ४.० च्या आसपास. आपल्याला किल्लारी-कोयनेमुळे ४ म्हणजे काहीच नाही वाटतं, पण हे उथळ होतं आणि बरोबर घरांच्या खाली. सारवेलिंगनच्या चर्चच्या शिखरावरून दगड खाली आले, धुराडी पडली, वीज गेली. शनिवारची दुपार असूनही कुणाला इजा झाली नाही हे नशीब. लोक त्याच संध्याकाळी रस्त्यावर आले. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी, पीटर म्युलर, खाण लगेच थांबवली. त्या भागातलं काम परत सुरू झालंच नाही आणि ३० जून २०१२ ला सारमधली कोळसा खाण कायमची बंद झाली. जवळजवळ अडीचशे वर्षांचा धंदा.

माझे शेजारी त्या खाणीत होते. ते आजही म्हणतात, आमची नोकरी गेली पण माझ्या बहिणीचं घर तिथे होतं, मी काय बोलणार. हजारो कुटुंबांची अशीच दोन्हीकडून ओढाताण झाली, हे विदर्भातल्या लोकांना सांगायची गरज नाही.

मला खरं तर कायद्याचं सांगायचं आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. इथे नोटरी खरेदीखत दोन्ही पक्षांसमोर शब्दन् शब्द वाचून दाखवतो. वाचता वाचता तो खाणीच्या कलमावर थांबला आणि म्हणाला, हे नीट ऐका. काही जुन्या घरांच्या मालकांनी कधीकाळी पैसे घेऊन खाणीच्या नुकसानीवरचा हक्क सोडून दिलेला असतो आणि ते जमिनीच्या नोंदवहीत चढलेलं असतं. आमच्या घरावर तसं नव्हतं. आणि जर्मनीच्या खाण कायद्यात अशी तरतूद आहे की भूमिगत खाणीच्या प्रभावक्षेत्रात घराला खाणीने होतं तसलं नुकसान झालं, तर ते खाणीनेच केलं असं आधी धरून चालतात. नाही म्हणायचं असेल तर खाणीने सिद्ध करायचं. मृण्मयीताई, तुम्ही काचेच्या पट्ट्या लावायच्या, वेळ लिहायची, सिद्ध तुम्हीच करायचं. इथे तो भार कंपनीवर आहे. ही मागणी आपल्याकडे कुणी लावून धरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक आणखी. खाण बंद झाली म्हणून धक्के संपत नाहीत. इथे जुन्या खाणीत पाणी वर येऊ दिलं जातंय, २०१४ मध्ये त्याच भागात पुन्हा छोटा धक्का जाणवला आणि पाण्याशी त्याचा संबंध लावला गेला. म्हणून बंद खाणीचं काकांनी विचारलं ते फार महत्त्वाचं आहे.

---

कृष्णाकाठ

कोयनेच्या धरणामुळे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला हे जगातले शास्त्रज्ञ मानतात. ६.३ होता. धरणातल्या पाण्याने एवढं होतं तर एवढाल्या खाणी खणून काहीच होत नाही कसं म्हणता काका? आणि किल्लारीलाही असंच काही कारण नसेल कशावरून?

---

निवृत्त_सर्व्हेअर_चंद्रपूर

कृष्णाकाठ, होत नाही असं मी कुठे म्हटलं? बाचात्स्की मीच सांगितलं. कोयनेचं मान्य झालं कारण शिवाजीसागर भरल्यावर धक्के सुरू झाले, पाण्याची पातळी चढली-उतरली तसे ते कमी-जास्त झाले आणि तिथे भूकंपमापक बसलेले होते, नोंद सलग होती. साठ वर्षं होत आली, अजून तिथे मोजतात. तशी नोंद आमच्या खोऱ्यात हवी, हेच माझं म्हणणं. किल्लारीजवळ कोळशाची खाण नाही, तिथे सगळा बेसाल्ट. ते यात आणू नका, लोकांच्या मनात उगाच घर करून बसतं.

सारब्रुकनकर, भार कंपनीवर हे मी पहिल्यांदाच नीट समजून घेतलं, फार मोलाचं लिहिलंत.

---

मृण्मयी_वणी

काका, तळवा ठेवून पाहिलं. अगदी तसंच झालं. आधी फरशीतून बारीक थरथर, मग थांबून काचा. सासूबाईंनाही बसवलं, त्यांनी स्वतः मोजलं. दुपारच्या धक्क्याची त्यांची भीती बरीच गेली.

पडवी नंतरचीच आहे, २०१९ ची. सिव्हिल दादा, ती भेग मी दाव्यातून काढते.

जुन्या खाणीचं सासऱ्यांना विचारलं. नाल्याच्या पलीकडे इनक्लाइन होती, बंद होऊन बरीच वर्षं झाली, तोंडाशी भिंत बांधली आहे. त्यांच्या मते ती आमच्या शेताखालून गेलेली आहे, घराखाली नाही, पण खात्री कुणालाच नाही. मागच्या पावसाळ्यात तिकडच्या एका धुऱ्याला बैलगाडी जाईल एवढा खड्डा पडला होता, तो मुरूम टाकून बुजवला. आता मला जास्त भीती वाटते.

---

निवृत्त_सर्व्हेअर_चंद्रपूर

ताई, तो खड्डा तुम्ही आधी सांगायला हवा होता. आता मी सरळ बोलतो, कारण यात गाफील राहायचं नाही.

भूमिगत खाणीत आमच्याकडे कोळशाचे पिलर ठेवून गल्ल्या काढतात. शेवटी पिलरही काढत काढत मागे यायचं, त्याला डिपिलरिंग म्हणतात. तिथे उभं राहिलेला माणूस चालीचं बोलणं विसरत नाही, चाल म्हणजे छत. आधी वरून बारीक कटकट येते. मग लाकडी प्रॉप करकरतात, त्यांच्या डोक्यावरची पाचर चेपून चपटी होते, भुगा गळायला लागतो. सिरदार, म्हणजे आमचा मुकादम, ओरडतो आणि सगळे टोप्या सावरत बाहेर पळतात. नंतर मागची पोकळ जागा, गोफ, एकदम बसते. वाऱ्याचा लोट एवढा येतो की माणूस आडवा होतो. तेव्हा वर गावात लोकांना दणका कळतो. लोक म्हणायचे भूकंप झाला, आम्ही खाली धूळ झटकत असायचो.

जिथे गोफ वाळूने भरलेला असतो तिथे हे फारसं होत नाही. जिथे भरला नाही किंवा अर्धवट भरला, तिथे पिलर कुजतात, पाणी शिरतं, आणि खाण बंद होऊन कित्येक वर्षांनी चाल थोडी थोडी पडत वर येते. कोळसा उथळ असेल तर ती जमिनीपर्यंत पोचते आणि धुऱ्याला खड्डा पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच जमिनीत गेलं. घरच्यांना आधी हादरे जाणवले, ते बाहेर पडले, म्हणून वाचले. तेव्हा रात्रीच्या दणक्याला उठून अंगणात जाणाऱ्या तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना घरात या म्हणून आग्रह करू नका, जोवर खालचा नकाशा हातात येत नाही.

नकाशा असतो. खाण बंद करताना तिचा शेवटचा सर्व्हे प्लॅन खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावासकट माहितीच्या अधिकारात मागा: अमुक इनक्लाइनचा बंद करतानाचा प्लॅन, कोणत्या पॅनेलमध्ये डिपिलरिंग झालं, कुठे वाळू भरली, कोळशाची खोली किती. गावाचा गट नंबर त्यावर टाकून मागा. प्लॅन आला की मला फोटो काढून दाखवा, मी वाचून देतो. हे काम मी आयुष्यभर केलं आहे. खड्डा पडला त्या धुऱ्याकडे मात्र आजपासून गुरं नेऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका, आणि तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या.

---

मृण्मयी_वणी

ठराव झाला काका. महिला सभेत आधी मांडला, मग ग्रामसभेत. अर्ज गेला. तहसीलदारांना पत्र दिलं, पोच आहे. सासूबाईंची खाट पडवीतून अंगणात काढली, वर मांडव घातला.

खाणीकडून फोन आला की पुढच्या आठवड्यात घरात कंपन मोजायचं मशीन बसवायला माणूस येतो. त्याला काय विचारू? कुठे बसवायला सांगू?

---

निवृत्त_सर्व्हेअर_चंद्रपूर

मशीन गच्चीवर किंवा हॉलच्या मधोमध नको. घराच्या बाहेर, खाणीकडच्या बाजूला, पायाला लागून जमिनीत खुरपून घट्ट बसवायला सांगा. सैल ठेवलं की आकडा खोटा येतो. त्याचा बाण खाणीच्या दिशेला असला पाहिजे, आवाजाचा माइक वेगळा लावलेला असला पाहिजे.

कागदावर मिलिमीटर प्रति सेकंद असा आकडा येईल, जमीन किती वेगाने हलली त्याचा. त्याच्या शेजारी हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती वेळा हललं, ते लिहिलेलं असतं, ते नसेल तर कागद घेऊ नका. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे गावातल्या घरांसाठी कंपन ८ हर्ट्झच्या खाली असेल तर मर्यादा ५, ८ ते २५ च्या मध्ये १०, त्याच्या वर १५. एकच आकडा ८ हर्ट्झला मर्यादेबाहेर आणि ३० हर्ट्झला मर्यादेत बसतो. म्हणूनच 'मर्यादेत आहे' हे तोंडी ऐकून काही कळत नाही. सारवेलिंगनला २००८ मध्ये ९३ च्या आसपास मोजलं होतं, म्हणजे किती फरक आहे पाहा.

त्या दिवशीच्या ब्लास्टचा कागदही मागा: किती होल, खोली, एका डिलेला (म्हणजे एकाच क्षणी) किती किलो बारूद फुटली, तुमच्या घरापासून अंतर. ब्लास्ट नेहमीच्या आकाराचा हवा. लहानसा ब्लास्ट करून, त्याचं रेकॉर्ड घेऊन माणूस परत निघाला तर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि परत बसवा. मशीन निदान आठवडाभर तिथेच राहू द्या, ट्रिगर (किती कंपनाला नोंद सुरू होते ती पातळी) कमीत कमीवर ठेवून, रात्रीसुद्धा चालू. रात्रीचा दणका एकदा जरी त्यात सापडला तर तुमच्या वहीतल्या मिनिटाशी जुळवून मला लगेच कळवा.